हातानं बसवलेलं

आईंची शाळा चौथीतच सुटली होती, पण दवाखान्यांना प्रोग्रॅम पुरवणाऱ्या त्या तीन खोल्यांच्या ऑफिसात त्यांच्या बोटाशिवाय पान हलत नसे. थोरल्या मुलानंच तशी सोय करून ठेवली होती. चाळीस दवाखान्यांत नवीन काही पाठवायचं झालं की आधी आईंच्या पडद्यावर एक हिरवं बटण उगवायचं. आई चष्मा पुसायच्या, दोघातिघांना उगाच ताटकळत ठेवायच्या आणि मग बटण दाबायच्या. ऑफिसात त्याला शिक्का म्हणत. शिक्का मारल्यावर आईंना दिवसभर जेवण कमी लागे.

थोरला जाऊन दोन वर्षं झाली. शिक्का राहिला आणि त्याची बायकोही राहिली. यातलं दुसरं आईंना अजून पचलं नव्हतं.

थोरली खिडकीजवळच्या टेबलावर बसून नवऱ्यानं लिहिलेला चिठ्ठीचा प्रोग्रॅम सांभाळायची. डॉक्टरनं औषध सांगितलं की दवाखान्यातली बाई 'चिठ्ठी'वर टिचकी मारणार आणि कागद बाहेर येणार, एवढंच त्याचं काम. पण ते चाळीस ठिकाणी रोज चाले. धाकट्या सुनेनंही तसाच एक प्रोग्रॅम लिहिला होता, दुप्पट चपळ. सहा महिने झाले तरी त्याला कुणी विचारेना.

"असं कसं होतं गं?" आईंनी धाकटीला विचारलं.

"आई, दवाखान्यातली बाई नुसतं 'चिठ्ठी' म्हणते. हाक एक, ओ देणारे दोन. प्रत्येकाला नंबर दिलेला असतो. ज्याचा मोठा, त्याला यंत्र आपण होऊन उठवतं. माझ्याला नव्वद आहे, जुन्याला चाळीस."

"मग तुझा का उठत नाही?"

"कुणी हातानं एकाला बसवून ठेवलं ना, की यंत्र नंबराकडं बघतच नाही. कितीही चांगला येऊ दे."

"आणि बसवलं कुणी?"

धाकटीनं मान वळवली. खिडकीकडं नुसती बघत राहिली. न बोलता काडी लावायची कला तिच्या अंगात होती, आणि ती तिनं या घरात येऊन कुणाकडून उचलली हे सांगायला नको.

आई उठल्या. थोरलीच्या टेबलाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"काय गं, नवऱ्याला चाळीस दवाखान्यांत खिळे मारून बसवलंयस होय?"

"त्यांनीच बसवलंय, आई. मी फक्त हलवलं नाही."

"मग आता हलव. तुझ्या हातानं."

थोरलीनं कीबोर्ड पुढं ओढला. "जुना काढूनच टाकू?"

"काढतेस कशाला? लोक म्हणतील, गेलेल्या पोराचं नाव पुसलं. असू दे खाली पडून. जागा दिलीय, पण हाक कुणी मारायची नाही." आईंनी जरा दम घेतला. "तुझं चाललंय तसंच."

धाकटा मुलगा खाकरला आणि वायरींत डोकं घालून बसला. धाकटीनं हसू गिळलं. थोरली टाइप करत राहिली. एक दवाखाना, दुसरा, तिसरा. अकराव्याला तिची बोटं थांबली.

"डोळे पूस आधी," आई म्हणाल्या. "कीबोर्ड भिजेल. माहेरून नाही आणलास."

थोरलीनं पदरानं डोळे पुसले आणि शांतपणे विचारलं, "नुसती चिठ्ठी करू, की जे जे हातानं बसवलंय ते सगळंच?"

"सगळंच. हाताचे लाड बंद. ज्याचा नंबर मोठा तो पुढं."

"आपल्या ऑफिसातल्या यंत्रावरचंसुद्धा? तिथं एक—"

"सुद्धा! कान फुटलेत का तुझे? मला शिकवू नकोस."

धाकटीचं हसू एकदम विरलं. तिच्या डोक्यात काहीतरी लखकन चमकून गेलं. मग मऊ आवाजात ती म्हणाली, "आई सांगतायत ना, ताई. करा की."

थोरलीनं एकदा धाकटीकडं पाहिलं, एकदा आईंकडं. आणि केलं.

दुसऱ्या दिवशी बिलांचा एक नवा प्रोग्रॅम सगळीकडं जायचा होता. आई इस्त्रीची साडी नेसून दहालाच खुर्चीत बसल्या. चष्मा तीनदा पुसून झाला. अकरा वाजले. पडदा कोराच.

धाकटी फोनवर बोलत होती, "हो हो, सकाळीच पाठवला. मिळाला ना?"

"काय पाठवलंस?" आई ओरडल्या. "मी शिक्का कुठं मारलाय?"

धाकटीनं फोन ठेवला. "शिक्क्याचेही प्रोग्रॅम दोन आहेत, आई. एक तुमच्या बटणाचा. दुसरा मी मागच्या वर्षी केला, आपला आपण तपासून पुढं पाठवणारा. माझ्याला पन्नास नंबर आहे."

"आणि माझ्याला?"

"दहा."

"दहा? कुणी दिले दहा?"

"थोरल्या दादांनी," धाकटी म्हणाली. "तेच म्हणायचे, उद्या दुसरा कुणी आला आणि नंबरावर सोडलं तर आईची पाळी कधीच यायची नाही. म्हणून तुम्हाला त्यांनी हातानं बसवलं होतं."

आईंनी टेबलाची कड धरली. "लाव परत."

"आता कशाला? हाताचे लाड बंद म्हणालात ना कालच." फोन पुन्हा वाजला आणि धाकटी त्यात गुंतली.

आई खिडकीकडं वळल्या. त्या टेबलापाशी त्या आजवर भांडायलाच गेल्या होत्या. आवाज खाली आणणं त्यांना जमेना, तरी आणला. "तू लाव गं. तुला येतं. त्यानं बसवलेलं होतं ते."

"ते सांगायलाच तोंड उघडलं होतं काल," थोरली म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर आईंना उत्तर सुचलं असतं. "तुम्हाला काढलं नाहीये, आई. तुमचं बटण आहे तिथंच आहे."

आणि ती आपल्या कामाला लागली.

दुपारी धाकटा वायर गुंडाळत आला. "आई, हा पडदा तुला लागतोय का? नाहीतर बाहेरच्या टेबलावर लावतो."

"लागतोय," आई म्हणाल्या, आणि चष्मा काढून पुसायला लागल्या.