कचरूभाऊंच्या वावरातलं प्रात्यक्षिक

उत्तर न दिलेलं एक पत्र सोमेश्वर सरांना रोज आठवायचं, आणि आठवलं की ते घाईघाईनं एखादं पुस्तक उघडून बसायचे. पत्र हॉलंडहून आलं होतं. परदेशात घेतलेलं शिक्षण तिथल्या शिक्षणाच्या तोलाचं आहे की नाही, हे ठरवणाऱ्या कार्यालयाचं. सरांची जुनी विद्यार्थिनी शीतल आता तिकडेच होती, आणि तिच्या बियाणे तंत्रज्ञानाच्या डिप्लोम्याबद्दल त्या कार्यालयानं एकच विचारलं होतं. गुणपत्रिकेत प्रात्यक्षिकाचे गुण आहेत, पण कॉलेजच्या वेळापत्रकात प्रात्यक्षिकाचा तासच नाही. मग ते झालं कधी आणि कुठे? उत्तर शिकवणाऱ्याच्या सहीनं, कागदावर हवं होतं.

खरं उत्तर द्यायची सरांना लाज वाटत होती. कॉलेजला जमीन नव्हती. प्रात्यक्षिक व्हायचं कचरूभाऊंच्या कपाशीत, आणि कचरूभाऊ म्हणजे शीतलचे वडील. वेळापत्रकात खोलीचा क्रमांक लिहावा लागे. वावराचा गट नंबर लिहिला तर तपासणीवाले हसतील, म्हणून सरांनी तो तास लिहिलाच नव्हता. आता हे कळवलं तर तिकडचे साहेब म्हणतील, पोरगी बापाच्या शेतात राबली आणि मास्तरांनी गुण वाटले.

आठवडी बाजाराच्या दिवशी कचरूभाऊ जाफराबादला आले ते थेट सरांच्या घरी. सरांच्या पत्नी गोजरबाई चहा ठेवायला आत गेल्या.

"सर, शीतलचा फोन आल्ता," कचरूभाऊ म्हणाले. "काचेच्या शेडमंदी टमाटे तोडून राह्यली ती. डिप्लोमा बराबर धरला तं बियाण्याच्या लॅबमंदी घेतो म्हणले तिला. पण कागद या महिन्यात पाह्यजे."

"लिहितोय. म्हणजे, बहुधा लिहीन."

"लिहून फाडायलेत रोज," आतून गोजरबाई म्हणाल्या. "वाचून दाखवा की भाऊंना. पत्र न्हाई ते, माफीनामा हाये."

सरांनी चष्मा पुसला आणि इंग्रजी मसुदा मराठीत सांगितला. "माझ्या अल्पमतीप्रमाणे, चूक असल्यास क्षमा असावी, बहुधा काही प्रात्यक्षिक झालं असावं."

कचरूभाऊ पुढे सरकून बसले. "असावं? सर, सांजच्याला पोरं घेऊन माझ्या वावरात कोण येत होतं? कळी सोलताना आमची पोरगी आतलं बोंडच नखानं चिरायची. तुम्ही तिला नापास केलं. बापाच्या वावरात पोरगी नापास झाली सर. दुसऱ्या साली तिनं सगळं पयल्यापासून केलं, तवा कुठं पास झाली. तिची माय तुमच्याशी बोलत नव्हती."

"जरा कडकच वागलो मी तेव्हा," सर पुटपुटले.

"मंग तेच लिहा ना. फुकट गुण देणारा मास्तर पोरीला नापास कशाला करंल?"

सरांना एकदम आठवलं. शीतलच्या पहिल्या वर्षाच्या गुणपत्रिकेवर तो नापासाचा शेरा आजही होता, आणि ती गुणपत्रिका त्या साहेबांपुढेच पडलेली होती. इतके दिवस सरांना ती आपल्या कडकपणाची खूण वाटत आली होती; आता तोच पुरावा होता.

"अन् ते बहुधा काढा," चहा पुढे ठेवत गोजरबाई म्हणाल्या. "भाऊ, अंतरपाट धरल्ता तवा भटजींनी यांना काही विचारलं न्हाई, म्हणून लग्न लागलं आमचं."

सर हसले आणि नवा कागद घेऊन बसले. संकरित बियाण्यासाठी कपाशीच्या उद्या उमलणाऱ्या कळीतले पुंकेसर आज संध्याकाळी काढायचे, कळीवर लाल कागदाची टोपी चढवायची आणि सकाळी दुसऱ्या वाणाचा पराग लावायचा. फूल कॉलेजची वेळ पाळत नाही, म्हणून हा तास संध्याकाळी आणि सकाळी शेतात होई. शेत विद्यार्थिनीच्या वडिलांचं होतं. त्याच शेतात ती एकदा नापास झाली. प्रत्येक वेळी मी तिथे हजर होतो. एवढं लिहून त्यांनी सही केली.

कचरूभाऊंनी त्यांना मोटारसायकलवर बसवून पोस्टात नेलं. खिडकीतल्या बाईंनी पाकीट वजनकाट्यावर ठेवलं.

"जरा परत द्याल का?" सरांनी विचारलं. "एक वाक्य पुन्हा बघतो."

"देऊ नका मॅडम," कचरूभाऊ मागून म्हणाले. "सर, बाजूला व्हा, लाईन लागली."

बाईंनी दोघांकडे पाहिलं, पाकिटावर शिक्का मारला आणि पावती सरांच्या हातात दिली.