जिन्याखालचा फळा

मित्रांनो, पेणकरपाड्यातल्या आमच्या चार मजली इमारतीत शिरलात, की डाव्या हाताला चपलांच्या स्टँडमागे अर्धा झाकलेला एक जुना फळा दिसेल. तोच मी. आज मी जरा रागातच बोलणार आहे. इतकी वर्षे गप्प होतो, तेव्हा एवढे चालवून घ्या.

काशीमीऱ्याच्या एका सुताराने मला प्लायवूडमधून कापले आणि काळा रंग दिला. तळमजल्यावरच्या दाजींनी मला रिक्षातून आणले आणि स्वतः खिळे ठोकले. दाजी रत्नागिरीकडचे, अक्षर घोटीव. "उद्या पाणी अकराला येईल", "लवू दहावी पास झाला, पेढा खाऊन जा", असे ते रोज लिहीत. वाचायला माणसे थांबत आणि थांबली की बोलत. कोणाचे कोणाशी बिनसले, तेही माझ्यासमोर निघायचे आणि बहुतेक वेळा माझ्यासमोरच मिटायचे. लोक माझे कौतुक करत.

मग दुसऱ्या मजल्यावरच्या मनालीने सगळ्यांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप केला. तिचा हेतू वाईट नव्हता. पण माझ्यावर लिहिणे बंद झाले. शिकवणीवाल्यांनी माझ्या अंगावर जाहिराती चिकटवल्या. सकाळी उठून एकमेकांना फुले पाठवायची आणि जिन्यात समोरासमोर आलो तर अंग चोरून निघून जायचे, हा कुठला शेजार?

गेल्या उन्हाळ्यात दाजींच्या पत्नी सुगंधा यांनी अंगणात पोह्यांचे पापड वाळत घातले होते. तिसऱ्या मजल्यावरच्या विमलाबाईंच्या कुंडीतले पाणी त्या पापडांवर पडले. पूर्वी सुगंधांनी खालूनच हाक मारली असती. आता त्यांनी भिजलेल्या पापडांचा फोटो ग्रुपवर टाकला आणि लिहिले, काही लोकांना अक्कल नसते. त्यावर कितीतरी जणांनी हसरे चेहरे टाकले. विमलाबाईंनी उत्तर दिले की अंगण कोणाच्या बापाचे नाही. वीस वर्षांचा शेजार तिथे तुटला. चार महिने त्या दोघी माझ्यासमोरून मोबाईलकडे पाहत जात राहिल्या.

त्यातच दाजींच्या हृदयाचे ऑपरेशन झाले. ते घरी आले, दारात खुर्ची टाकून बसू लागले. एका दुपारी मनाली त्यांना ग्रुप दाखवायला आली. अख्ख्या बिल्डिंगने त्यांच्यासाठी हात जोडले होते. दाजींनी स्क्रीनवरचे एकेक नाव वाचले.

"मनाली, एवढ्यांनी हात जोडले गं," ते म्हणाले. "पण बेल एकानेही वाजवली नाही."

मनालीचा चेहरा उतरला. तीही तर आजच आली होती. तिने ग्रुपवरच्या गप्पा बंद केल्या, पाण्याच्या आणि लिफ्टच्या सूचना तेवढ्या ठेवल्या. मग सुरी आणून माझ्यावरच्या जाहिराती खरवडल्या आणि लिहिले, "दाजी घरी आलेत. चार ते सहा दार उघडं आहे. फोन घरी ठेवून या."

पहिल्या दिवशी कोण आले? फक्त चौथ्या मजल्यावरचे प्रणित, तेही ग्रुप का बंद केला म्हणून मनालीशी भांडायला! विमलाबाई रोज खाली यायच्या, मला वाचायच्या आणि परत वर जायच्या. मला हात असते तर त्यांना हाताला धरून नेले असते.

चौथ्या दिवशी त्या मुगाचे कढण घेऊन आल्या. सुगंधा दारातच उभ्या होत्या.

"वहिनी, पाणी माझ्याच कुंडीचं होतं," विमलाबाई म्हणाल्या. "त्याच दिवशी सांगायला येत होते. पण लोक हसले ना, मग पाय उचलेना."

सुगंधांनी भांडे हातात घेतले. "मीच तुमचं चारचौघांत हसं केलं. आत या. हे रोज विचारतात, विमलाबाई का नाही आल्या."

त्या दिवशी दार सात वाजेपर्यंत उघडे होते.

सगळे सुधारले असे समजू नका. प्रणितनी दुसरा ग्रुप काढलाय आणि तिथे पुन्हा फुले सुरू झालीत. माझ्यापुढचा स्टँडही कोणी हलवलेला नाही. पण मित्रांनो, मला रंग द्या, असे माझे मागणे नाही. कोणी आजारी आहे असे कळले, कोणावर राग आला, तर मोबाईल बाजूला ठेवा आणि त्याच्या दारापर्यंत जा. उशीर झाला असेल, तरी जा. दार उघडायला आत माणूस आहे, तोवरच जाण्याला अर्थ आहे.