थरथरता उजेड

"ताई, तो दिवा एकदा बघा. त्याच्याखाली पोरीला नीट दिसत नाही," शेजारच्या टेबलावरच्या काकू म्हणाल्या होत्या. सुपरवायझर ताईंनी ते कानाआड केलं. "लागतोय ना? मग झालं," म्हणाल्या आणि पुढे गेल्या.

मित्रांनो, तो जुना दिवा म्हणजे मी.

शर्टांच्या कारखान्यात चेकिंगच्या टेबलावर मला बसवलं, तेव्हा मी लख्ख होतो. काळ्या कापडावर सुटलेला काळा टाकासुद्धा माझ्यापुढे लपायचा नाही. माझ्याखाली बसणारी मुलगी सगळ्यांत तरबेज चेकर. ताई येता-जाता तिची पाठ थोपटत. त्यातलं थोडं कौतुक मीही गुपचूप स्वतःकडे ठेवून घ्यायचो.

पुढे ती बाळंतपणाहून कामावर परत आली, आणि नेमका तेव्हाच माझा उजेड थरथरायला लागला. दुरून कळायचं नाही, पण खाली बसणाऱ्याचं डोकं दुपारपर्यंत ठणकायचं. तिच्या नजरेतून खराब शर्ट सुटू लागले, गिऱ्हाइकाकडून परत येऊ लागले.

"लक्ष कुठंय तुझं?" ताई मायेनंच म्हणायच्या. "घरी तान्हं बाळ आहे, कळतं मला. पण इथे आलीस की इथेच राहा."

"हो ताई," एवढंच ती म्हणे. चूक माझी आणि मान तिची खाली. मला धड विझताही येत नव्हतं.

शेवटी ताईंनी तिला धागे कापायला बसवलं. चेकिंगला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून त्या स्वतःच माझ्याखाली बसल्या. दुपारी काकूंनी ताईंनी तपासलेल्या ढिगातून उसवलेले दोन शर्ट उचलले.

"ताई, लक्ष कुठंय?"

ताई हसल्या नाहीत. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं, पहिल्यांदाच. मग उठून धाग्यांच्या टेबलाशी गेल्या.

"अगं, दिवाच खराब होता. मला सांगायचंस ना."

"तुम्ही बाळाचंच बोलत होता, ताई. दिव्याचं म्हटलं असतं, तर सबब वाटली असती."

ताईंनी लगेच नवा दिवा मागवला.

तो आला, मला काढून कपाटावर ठेवलं, आणि तीही आपल्या जागेवर परतली. शर्ट परत येणं थांबलं. ताई आता रोज कुणाच्या तरी खुर्चीत थोडा वेळ बसतात, काय अडतंय ते विचारतात. बाकीचे भडाभडा सांगतात. ती मात्र अजून आधी ताईंचा चेहरा बघते, मग बोलते. ताईंना ते दिसतं. आणि कपाटावर पडल्या पडल्या मलाही.

मित्रांनो, तुमच्या घरात किंवा वर्गात कुणाचं छान चाललेलं काम अलीकडे बिघडलंय का? आज त्यांच्याजवळ जाऊन बसा, काय होतंय ते विचारा. "काही नाही" असं उत्तर आलं, तरी लगेच उठू नका.