तिघींत एक डोळा

बेंगळुरात चिकपेटेत घाऊक साड्यांच्या दुकानांमागे एक बोळ आहे. त्यातला अरुंद जिना चढून वर गेलं की राक्षस भेटत. शाळांच्या स्नेहसंमेलनांना आणि नाटकमंडळ्यांना मुखवटे नि पोशाख पुरवणारं ते दुकान तीन जावा चालवत होत्या: थोरल्या सकवारबाई, मधल्या भागुबाई आणि धाकटी शिवलीला. नवरे होते तोवर दुकान त्यांचं आणि काम बायकांचं होतं. नवरे एकामागून एक गेले तेव्हा दुकानही बायकांचं झालं. कामात काही फरक पडला नाही. आपलं घराणं शहाजीराजांबरोबर बेंगळुरात आलं, असं सकवारबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. राजांना स्वारीत मुखवटे कशाला लागले असतील, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

कामाची वाटणी ठरलेली होती. शिवलीला कागदाचा लगदा चिंचोक्याच्या खळीत मळून साच्यावर मुखवटा बसवी आणि रंगवी. भागुबाई केस, दाढ्या, कपडे शिवत. डोळे मात्र सकवारबाईच उघडत. डोळे उघडणं म्हणजे सगळ्यात शेवटी बुबुळं भरणं, आणि त्याचे नियम सोवळ्याच्या स्वयंपाकाहून कडक होते. पहाटे अंघोळ करून राक्षसाकडे पाठ करून पाटावर बसायचं. दुसरीने समोर आरसा धरून मान खाली घालायची. मग आरशात बघत, खांद्यावरून हात मागे नेऊन, खारीच्या केसांच्या कुंचल्याने काळे ठिपके द्यायचे. राक्षसाची पहिली नजर माणसावर पडू नये, आरशातल्या त्याच्या स्वतःच्याच तोंडावर पडावी, हा त्यातला मतलब. खोलीत आणखी कुणी असेल तर त्याने भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. आणि कुंचला घरातल्या थोरलीचा. ती जिवंत असेतो तो दुसरीच्या हातात जात नाही. सकवारबाईंनाही तो सासूच्या तेराव्यालाच मिळाला होता.

अडचण अशी होती की सकवारबाईंना आता दिसत नव्हतं. काचबिंदूने दोन्ही डोळे वर्षभरात धुरकटून गेले होते. चहाचा पेला त्या वाफेवरून ओळखत आणि माणूस पावलांवरून. विचारलं तर म्हणत, "उजेड स्वल्प कमी आहे गे, बाकी काही नाही." शिवलीलाला कळलं ते हिरण्यकशिपूमुळे. एका सकाळी त्याचं एक बुबुळ नाकाशी येऊन बसलं होतं. थोरली जाऊ नाश्त्याला आत गेली तशी तिने साध्या ब्रशने ते पुसून जागेवर बसवलं. तेव्हापासून प्रत्येक मुखवट्याचे डोळे दोनदा उघडले जात: एकदा पहाटे विधीपूर्वक आणि एकदा सात वाजता चोरून. शिवलीला हे कुणाशी बोलली नाही.

न बोलण्याचं कारण अभिराज होता. सकवारबाईंचा हा एकुलता एक मुलगा विमा कंपनीत नोकरीला होता आणि जे. पी. नगरात फ्लॅट घेऊन राहत होता. माणूस वाईट नव्हता, फक्त त्याला काळजी करण्याची सवय होती. जिना उभा, आया म्हाताऱ्या. त्याने दोन वर्षांपूर्वीच सांगून टाकलं होतं की आईच्या हाताने डोळे उघडतायत तोवर दुकान चालू दे. ज्या दिवशी ते जमणार नाही त्या दिवशी कुलूप. आई त्याच्याकडे येईल, भागुबाई लेकीकडे होसूरला जातील, शिवलीला निपाणीला भावाकडे. अडतीस वर्षं तिघी एका चुलीवर जेवल्या होत्या. भांडणं इतकी झाली होती की आता नवीन विषय उरला नव्हता. निपाणीला भावाच्या घरी एका कोपऱ्यात आपली ट्रंक ठेवलेली शिवलीलाला डोळ्यांसमोर दिसे, आणि तिला सरळसरळ भीती वाटे.

अशात नोव्हेंबरात वेदिका आली. ही पुण्याची मुलगी एचएसआर लेआउटमध्ये लहान मुलांची नाटकं बसवत असे. दुकानात मराठी बोलतात हे कळल्यावर ती इतकी खूष झाली, की तिने चार मुखवट्यांची चित्रं जमिनीवर मांडून प्रत्येकाचं चरित्रच सांगायला घेतलं.

"आजी, सगळे ग्रीक आहेत. हा मिनोटॉर. धड माणसाचं, डोकं बैलाचं. भूलभुलैयात कोंडलेला असतो."

"म्हैसासुराचा साचा आहे घरात," सकवारबाई म्हणाल्या. "शिंगं आखूड करू. सरी? चालेल?"

"नाही ना, तो रेडा होईल. हा प्रॉपर बैल हवा. ॲक्च्युली हा राणीचा मुलगा असतो."

"राणीचा?" भागुबाईंची सुई थांबली. वेदिकाने ते प्रकरण पुढे नेलं नाही.

तिने पुढचं चित्र उचललं. पाताळाच्या दाराशी राखण करणारा तीन तोंडांचा कुत्रा. त्यावर भागुबाई म्हणाल्या, की दत्ताला तीन तोंडं आणि पायाशी चार कुत्री असतात हे त्यांना ठाऊक होतं. या लोकांनी तोंडं कुत्र्यालाच लावलेली दिसतात. तिसरा सायक्लॉप्स, कपाळावर एकच डोळा असलेला धिप्पाड राक्षस. चौथी मेडुसा. तिच्या डोक्यावर केसांऐवजी जिवंत साप होते.

"नागपंचमीला हिची वेणी कोण घालणार?" भागुबाईंनी विचारलं.

"हिच्याकडे जो बघेल त्याचा दगड होतो," वेदिका म्हणाली. "म्हणून पर्सियस हिरो काय करतो, चकचकीत ढालीत हिचं रिफ्लेक्शन बघत बघत मान कापतो."

"मग! सरळ कोण बघेल?" सकवारबाईंना यात नवल काहीच वाटलं नाही. "त्याच्या घरात कुणी तरी वळण लावलेलं असणार. पण ही राहते कुठे हे त्याला सांगितलं कुणी?"

"तीन म्हाताऱ्या बहिणींनी. त्यांची पण भारी गोष्ट आहे. तिघींत मिळून एकच डोळा. जिला बघायचंय ती लावते, मग काढून दुसरीला देते."

"भांडत नव्हत्या?" भागुबाई.

"तसं कुठे लिहिलेलं नाही."

"मग सख्ख्या बहिणीच असतील. जावा नसणार."

शिवलीला हसली. सकवारबाई हसल्या नाहीत. "मग त्यांनी पत्ता का दिला?" त्यांनी विचारलं.

"त्याने डोळा चोरला ना! एकीच्या हातातून दुसरीच्या हातात जाताना. तेवढा एक क्षण तिघींपैकी कुणालाच दिसत नसतं."

सकवारबाईंनी पदर सारखा केला. "द्यायलाच नको होता," त्या म्हणाल्या. "एकीनेच धरून ठेवायचा."

शिवलीला लगदा मळत राहिली.

पंधरा दिवसांत चारही तोंडं उभी राहिली. भागुबाईंनी जुन्या ब्लाउजपिसांचे तेवीस साप शिवले आणि प्रत्येकाला फणा दिला, कारण फणा नसलेला साप त्यांच्या मते गांडूळ. बैलाचे डोळे पहाटे उघडले आणि सातला जागेवर आले. कुत्र्याने जास्त वेळ घेतला. सहा बुबुळांतलं एक जिभेवर पडलं होतं.

शनिवारी माल जायचा होता. अभिराज नऊला गाडी घेऊन येणार होता. सायक्लॉप्स आणि मेडुसा तेवढे राहिले होते. पहाटे सकवारबाईंनी सायक्लॉप्स उघडला आणि मेडुसाआधी कॉफी मागितली. शिवलीला ती करायला आत गेली. दूध तापलं की येऊन दुरुस्ती करायची असा तिचा हिशेब होता. पण सिल्क बोर्डच्या चौकातली गर्दी टाळायची म्हणून अभिराज पावणेसातलाच आला. कॉफी घेऊन ती बाहेर आली तेव्हा तो सायक्लॉप्ससमोर हातात किल्ली घेऊन उभा होता.

कपाळावरचा मोठा डोळा पांढराफटक होता. त्याच्या खाली, जिथे माणसांना डोळे असतात तिथे, नुसत्या तपकिरी कातडीवर दोन गोल, काळेभोर, अगदी एका ओळीत दिलेले ठिपके होते. पन्नास वर्षांच्या सवयीने हात बरोबर तिथेच गेला होता.

"आई, याला एकच डोळा ना?" अभिराज म्हणाला.

"ते मी सांगायचं राहिलं की," शिवलीला घाईने म्हणाली. "अक्कांना काय ठाऊक, कपाळावर आहे ते?"

अभिराजने काकूकडे बघितलं. "चिक्कम्मा, ताटलीएवढा डोळा आहे तो."

सकवारबाईंनी हात पुढे केला. बोटं चाचपत कपाळावर गेली. तिथे कोरडं होतं. मग खाली आली, आणि काळी होऊन परत आली. त्यांनी ती पदराला पुसली. असला डाग त्या एरवी कधी पाडून घेत नसत.

अभिराज खाली बसला. आवाज न चढवता म्हणाला, "मेडुसा राहिलीय ना? उघड तिला. मी थांबतो. नीट झालं तर मी हा विषय पुन्हा काढणार नाही. नाही झालं तर तुम्ही तिघींनी पण वाद घालायचा नाही."

"सरी," सकवारबाई म्हणाल्या.

मेडुसा घडवंचीवर मांडली. सकवारबाई तिच्याकडे पाठ करून पाटावर बसल्या. भागुबाईंनी समोर बसून आरसा धरला आणि मान खाली घातली. एरवी तोंड करून उभं राहायची ती कॅलेंडरची भिंत बांधून ठेवलेल्या मुखवट्यांनी अडली होती, म्हणून अभिराज मेडुसाच्या मागे, मुकुटांच्या कपाटाकडे तोंड करून उभा राहिला. शिवलीला पाटाच्या बाजूला, भिंतीला नाक लावून. आता निपाणीच, असं तिच्या मनात आलं.

कुंचला रंगात बुडल्याचा आवाज आला. मग काहीच आलं नाही. मग तिच्या निऱ्यांना खालून ओढ बसली.

तिने वळून पाहिलं. सकवारबाईंचा डावा हात तिच्या लुगड्यात होता आणि उजव्या हातात कुंचला होता, तिच्या दिशेने धरलेला. शिवलीलाने मान हलवली, नको म्हणून; ते त्यांना दिसायचं कारण नव्हतं. त्यांनी पुन्हा ओढलं. शिवलीलाने कुंचला धरला, तर त्यांची बोटं सुटेनात. दोघींनी तो क्षणभर धरून ठेवला. मग सकवारबाईंनी सोडला, आणि पाटावरून घसरत फरशीवर सरकल्या. त्यांचे गुडघे वाजले. भागुबाई मान खाली घालूनच मोठ्यांदा खोकल्या, म्हणजे त्यांनाही सगळं केव्हापासून ठाऊक होतं.

शिवलीला पाटावर बसली. आजवर तिने सगळे राक्षस दिवसाढवळ्या समोरून दुरुस्त केले होते आणि एकानेही कधी तक्रार केली नव्हती. आता मात्र तिने कुंचला खांद्यावरून मागे नेला. तिने आरशात पाहिलं. आरशात मेडुसा होती, तेवीस फणे आणि पांढरे डोळे. तिच्या मागे अभिराजची पाठ. त्याच्याही पुढे कपाट, आणि कपाटाची काच भागुबाई रोज पुसत. काचेत, मुकुटांच्या रांगेवर, अभिराजचा चेहरा होता. डोळे उघडे होते. तो शिवलीलाकडे बघत होता. पाटाशेजारी रिकामे हात मांडीवर ठेवून बसलेली त्याची आईही त्याला दिसत होती.

शिवलीलाचा हात खांद्यावर दगड झाला.

अभिराजने आणखी एकदा आईकडे पाहिलं. मग डोळे घट्ट मिटून घेतले.

तिने पहिला ठिपका दिला. मग दुसरा.

"झालं का?" थोड्या वेळाने तो म्हणाला.

"थांब," सकवारबाई म्हणाल्या. आवाज जमिनीवरून आला. त्या भागुबाईंच्या खांद्याला धरून उठायला लागल्या. गुडघे पुन्हा वाजले, शिवलीला उठताना पाट सरकला, आरसा फरशीवर पडता पडता वाचला.

"सावकाश, आई," अभिराज म्हणाला. त्याचे डोळे अजून मिटलेलेच होते. "घाई नाही."

त्या पाटावर बसल्या, श्वास जागेवर आला, तेव्हा तो वळला. मेडुसाकडे त्याने फारसं पाहिलं नाही. "छान झालंय," म्हणाला, आणि बैल नि कुत्रा उचलून जिन्याकडे निघाला. दारात थांबला.

"चिक्कम्मा, त्या एकडोळ्याचं तेवढं बघा. मी खाली गाडीत थांबतो."

त्याची पावलं जिना उतरून गेली. शिवलीलाने कुंचला सकवारबाईंपुढे धरला. त्यांनी तो चाचपला आणि तिच्याच हातात परत दाबला.

"कपाळावर," त्या म्हणाल्या. "मधोमध. आणि एकच दे."