पांढरं टोक

बिडकीनला डोंगर नाही. नव्या औद्योगिक पट्ट्यातले रस्ते पट्टी ठेवून ओढल्यासारखे सरळ, आणि त्यांच्या पलीकडे कापसाची सपाट रानं. त्यामुळे नकाशा वाचत डोंगरातून धावायची स्पर्धा आहे म्हटल्यावर शिक्षकांच्या खोलीत हसू झालं.

"आमच्या पोरींना चढ म्हणजे रेल्वेचा पूल," क्रीडाशिक्षक सुयश सर म्हणाले.

पण परिपत्रक आलं होतं, आणि नकाशा, कोन, होकायंत्र असं काही निघालं की ते पदार्थविज्ञानाच्या निशा मॅडमच्या गळ्यात पडणार हे कॉलेजात ठरलेलंच होतं. निशाने नाही म्हटलं नाही. प्रयोगशाळेच्या कपाटात मागच्या वर्षीपासून पडलेली होकायंत्रं तिने पुसून काढली आणि दर रविवारी दोघी मुलींना घेऊन ती जिल्ह्याच्या शहराला लागून दक्षिणेला असलेल्या सातारा डोंगरावर जाऊ लागली.

संस्कृती मूळची पाचोडची, पायाने चपळ आणि तोंडाने त्याहून. राजनंदिनी बिडकीनचीच, किडकिडीत, विचारल्याशिवाय न बोलणारी. खेळ समजायला सोपा होता. नकाशावर गोल काढलेले असतात. त्या त्या जागी रानात एकेक झेंडी लावलेली असते. ती क्रमाने शोधायची, तिथेच टांगलेल्या पंचिंग मशीनने हातातल्या पुठ्ठ्यावर भोक पाडायचं आणि परत यायचं. सोबत कोणी नाही, रस्ता विचारायचा नाही. हातात नकाशा, होकायंत्र, आणि गळ्यात संकटासाठी शिट्टी. शिट्टी वाजवली की मदत येते आणि स्पर्धा संपते.

"मॅडम, माझी सुई उलटी दावती," पहिल्याच रविवारी राजनंदिनी म्हणाली. "लाल टोक उत्तरेला, शहराकडं पाहिजे ना? हे पैठणकडं चाललंय."

निशा तेव्हा संस्कृतीला चढाच्या रेषा समजावत होती. तिने वळूनही पाहिलं नाही. "सुई खोटं बोलत नाही, राजनंदिनी. माणूस नकाशा उलटा धरतो. नीट बघ."

"हिला घरी सोडलं तर ही नाथांच्या दर्शनाला पोचंल," संस्कृती म्हणाली.

राजनंदिनीने तो विषय पुन्हा काढला नाही. एक-दोन रविवार ती भरकटली, उशिरा आली, काट्यांनी ओरबाडलेले हात पाठीमागे लपवून उभी राहिली. मग एकदम तिची चूक होणं थांबलं. संस्कृतीच्याही आधी ती झुडपांतून बाहेर पडू लागली. शिकवलेलं लागू पडलं, असं निशाला वाटलं, आणि तिला मनातून बरंही वाटलं.

स्पर्धेच्या आठवड्यात राजनंदिनीचे वडील बद्रीनाथ दुधाचा टेम्पो फाटकाशी लावून आत आले. चपला दाराबाहेर काढून उभे राहिले.

"मॅडम, लेकरू रानात एकलं सोडता व्हय तुम्ही?"

"एकटी नसते. नकाशा असतो, कंपास असतो. दोन्ही चुकत नाहीत."

"ते मला काय कळत नाय. तुम्ही हाव ना तिथं?"

"मी आहे."

"मग झालं," ते म्हणाले आणि गेले. एवढ्यावर त्यांचं समाधान झालं. असं अख्खंच्या अख्खं विश्वासून निशाकडे आजवर कोणी काही दिलं नव्हतं.

स्पर्धा कन्नडच्या पुढे, घाटमाथ्यावरच्या जंगलात होती. शनिवारी तिथे सराव, रविवारी खरी धाव. शनिवारी सकाळी लवकर निघायचं ठरलं होतं. पण संस्थेचे अध्यक्ष अप्पासाहेब मुलींना निरोप देणार, असं शुक्रवारी संध्याकाळी कळलं, आणि निरोप म्हणजे मंडप, हार, शाल, नारळ आणि तीन भाषणं. पाहुणे जेवणवेळेला आले. अप्पासाहेबांनी स्वतःच्या खर्चाने दोन नवी कोरी होकायंत्रं आणली होती, मखमली डब्यांत, वर साटीनची फीत. ती मुलींच्या हातात देताना फोटो निघाले. फोटोग्राफरची मान हलली म्हणून पुन्हा निघाले.

"धावायला जुनीच घेऊ," मंडपाच्या कडेला निशा म्हणाली. "हाताला सवय झालेली आहे. ऐन वेळी उपकरण बदलू नये."

"मॅडम, त्या डबड्यांचे फोटो जंगलातून पाठवू का मी साहेबांना?" सुयश सर म्हणाले. "नवा कंपास, त्याच कंपनीचा. सुई तीच, उत्तर तीच. तुम्हीच सांगा, उत्तर बदलती का कधी?"

मुलींकडे नवीच राहिली. वाद घालणं निशाला जमत नसे. जुनी होकायंत्रं तिने पिशवीत टाकली. कॉलेजने ठरवलेला टेम्पो घाटमाथ्यावर पोचला तेव्हा सराव संपवून बाकीचे संघ चहा पीत होते.

रविवारी सकाळी धुकं होतं. सागाच्या वाळलेल्या पानांवरून थेंब टपटपत होते आणि पन्नास पावलांवरचं झाड दिसत नव्हतं. धावेची सुरुवात घाटमाथ्यावरच्या रस्त्यालगत होती. सगळं मैदान दक्षिणेला, उतरत्या जंगलात. रस्त्याच्या उत्तरेला नकाशाच संपत होता. तिकडे थोडं रान, आणि मग कडा. कड्याखाली खानदेश.

आधी संस्कृती सुटली. थोड्या वेळाने राजनंदिनी. तिने सुटताना होकायंत्र हातात सपाट धरलं, नकाशा फिरवला आणि मान खाली घालून धावत सुटली. पंचांच्या तंबूला वळसा घालून, रस्ता ओलांडून ती धुक्यात शिरली.

"ही कुठं चालली?" सुयश सर म्हणाले.

"वळसा घेत असेल," निशा म्हणाली. तिला खरंच तसं वाटलं. हल्ली राजनंदिनी चुकत नव्हती.

वाट पाहण्याशिवाय आता काम नव्हतं. हात रिकामे राहिले की निशाला अस्वस्थ व्हायचं. तिने पिशवीतून जुनी होकायंत्रं काढली, एक या हातावर घेतलं, दुसरं त्या हातावर. एकाचं लाल टोक रस्त्यापलीकडे कड्याकडे. दुसऱ्याचं जंगलाकडे.

खालचा दगड काळा होता, आणि काळ्या दगडात लोह असतं. म्हणून ती दगडापासून दूर, मोकळ्या गवतात गेली. दोन्ही हात लांब पसरले, म्हणजे सुयांनी एकमेकींना ओढू नये. तेच. मग टेम्पोपासून आणखी दूर गेली. तेच. दुसऱ्या होकायंत्राला ओळखीचा बारीक ओरखडा होता. राजनंदिनीचं.

कपाट तिच्या डोळ्यांपुढे आलं. मधला खण. होकायंत्रांचा खोका, आणि त्याला अगदी चिकटून अकरावीच्या प्रयोगांच्या पट्टीचुंबकांचा डबा. मागच्या वर्षीपासून तसेच. एका सुईचे ध्रुव फिरायला तेवढं पुरेसं होतं, आणि ते तिने स्वतः दरवर्षी फळ्यावर शिकवलं होतं.

सुई खोटं बोलत होती. मुलीने तसं सांगितलं होतं. आपण तिला तीच उलटी आहे असं सांगितलं, आणि तिने ते मानलं. दुसऱ्यांना लाल टोक उत्तर दाखवतं, आपल्याला मात्र पांढरं धरावं लागतं, एवढंच ती त्या डोंगरावर शिकली. आणि आता तिच्या हातात साटीनची फीत सोडून काढलेली, कोरी, बरोबर सुई होती.

निशा तंबूकडे धावली. स्पर्धाप्रमुख राजकुमार सरांनी तिचं ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता.

"मॅडम, वेळ संपली की आमचे लोक शोधायला जातात. किंवा शिट्टी ऐकली की."

"ती शिट्टी वाजवणार नाही. आपण चुकलोय हे तिला माहीतच नाही. समोर कडा आहे, आणि तिच्या हिशोबाने तिथे पाऊलवाट आहे."

"माझा माणूस खाली झेंड्यांवर गेलाय, तो येऊ द्या. तुम्ही गेलात तर... धाव चालू असताना स्पर्धकाला बाहेरचं कोणी भेटलं की अख्खा संघ बाद. हा नियम माझा नाही."

सुयश सरांनी तिचा दंड धरला. "मॅडम, संस्कृती सगळ्यांच्या पुढं आहे. आत्ता खालच्या वळणावरून पोरं सांगत आली. जरा दम धरा. पोरगी काय आंधळी आहे का?"

निशाने त्यांचा हात सोडवला. तंबूतल्या फळ्यावरचा नकाशा तिने टाचण्यांसकट ओढून घेतला, उलटा धरला आणि रस्ता ओलांडला.

ज्या मुलीला शोधायचं होतं तिच्यासारखंच चुकायला हवं होतं. पहिला गोल जिथे होता त्याच्या नेमकं उलट. पायाखाली सागाची पानं पापड मोडावेत तशी वाजत होती आणि त्या आवाजात दुसरं काही ऐकू येत नव्हतं. ती थांबायची, हाक मारायची. धुकं हाक गिळून टाकायचं. घाणेरीने तिची ओढणी धरून ठेवली, ती तिने तिथेच सोडली. मी आहे, असं बद्रीनाथांना सांगितलं होतं. कुठे आहे मी? तंबूपाशी, घड्याळ बघत, नियम ऐकत. एका उतारावर माती नुकतीच घसरलेली दिसली. ती बसून, हाताने चाचपत खाली सरकली. खाली कोणीच नव्हतं. पळसाचं एक झाड होतं. त्यानंतर जमीन विरळ होत गेली, झाडं ठेंगणी झाली, आणि समोरून थंड वारा अंगावर आला. मोकळ्या जागेवरून येतो तसा.

तिला कड्याच्या खाली बघायचं धैर्य होईना. तरी ती पोटावर पडली आणि पाहिलं. पांढरं. नुसतं पांढरं.

"मॅडम?"

आवाज डावीकडून, मागून आला. राजनंदिनी एका झाडाला पाठ लावून उभी होती. कोपर खरचटलेलं, नकाशा हातात.

"मॅडम, तुम्ही कशाला आलात?"

 निशा उठली आणि मुलीचे दोन्ही खांदे धरून तशीच उभी राहिली.

"एवढा उतार झाल्यावर इथं चढ पाहिजे होता," राजनंदिनी म्हणाली. "नकाशात चढ आहे. मला उतारच लागत गेला. मग मी थांबले. म्हणलं आता पुढं जायचं नाय, आधी कळलं पाहिजे. मग धुकं जरा फाकलं अन् सूर्य निघाला. तो डावीकडं पाहिजे होता, तर उजव्या खांद्यामागून निघाला. मग मला समजलं. हा कंपास बाकीच्यांसारखा आहे. ह्याचं लालच खरं." तिने नकाशा फिरवून दाखवला. आता तो बरोबर होता. "मी निघालेच होते. वेळ आहे अजून. मी धावले तर होईल."

निशाने तिचे खांदे सोडले.

"मी तुला भेटले," ती म्हणाली. "त्यामुळे संघ बाद झाला."

राजनंदिनीने नकाशा खाली केला. "संस्कृतीपण?"

"हो."

खाली दरीत कुठेतरी धुकं सरकत होतं. मुलगी रडली नाही. रडली असती तर निशाला काही करता तरी आलं असतं.

"मी धावू?" तिने विचारलं.

"मोजणार नाहीत."

"नाय मोजलं तर नाय." तिने होकायंत्र सपाट धरलं. "पण तुम्ही मागं यायचं नाय. माझं मला सापडू द्या."

नको, असं निशाच्या ओठांपर्यंत आलं. माझ्यासोबत रस्त्यापर्यंत चल, हात धर, टेम्पोत बस, तुझ्या वडलांपुढे तुला उभी करते. कड्यावरच्या वाऱ्याने तिचे हात अजून गार होते.

"शिट्टी आहे ना?"

"आहे."

"मग जा."

पानं वाजली, थोडा वेळ वाजत राहिली, आणि मग नाही. निशा तिथेच उभी राहिली, दक्षिणेला तोंड करून. तिला मुलीच्या मागे जायचं नव्हतं. पाय मात्र दोनदा निघाले, आणि दोनदा तिने ते थांबवले.

ती तंबूशी परतली तेव्हा संस्कृती येऊन पोचली होती, लालबुंद, हसत, पाण्याची बाटली डोक्यावर ओतत. तिला अजून कोणी सांगितलं नव्हतं. सुयश सर टेम्पोच्या पलीकडे जाऊन उभे होते. निशाने तिला बाजूला नेऊन स्वतःच सांगितलं, सगळं, कपाटापासून.

"पण मॅडम," संस्कृती म्हणाली, "मी काय चुकले?"

"काहीच नाही."

ती पुढचं काही ऐकायला थांबली नाही. टेम्पोत जाऊन दार लावून बसली.

धुकं गेलं, ऊन चढलं. एकेक संघ फोटो काढून निघाला. पोरांनी रस्त्यालगतच्या फिती गुंडाळायला घेतल्या. राजकुमार सरांनी घड्याळ पाहिलं, मग निशाकडे पाहिलं, आणि आपल्या माणसाला हळूच सांगितलं की शेवटची झेंडी अजून काढू नकोस. निशाने शिट्टीसाठी कान लावले होते. शिट्टी येऊ नये म्हणून, आणि यावी म्हणूनही.

राजनंदिनी दक्षिणेच्या झाडीतून आली. लंगडत होती, पण धावत होती. शेवटच्या झेंडीशी थांबून तिने पुठ्ठ्यावर भोक पाडलं. वेळ कोणी मोजली नाही. सगळी भोकं पुठ्ठ्यावर होती.

ती सरळ निशापाशी आली आणि नवं होकायंत्र तिच्या तळहातावर ठेवलं.

"हा बरोबर आहे," ती धापा टाकत म्हणाली. "तो जुना उलटा होता, मॅडम. मी म्हणले होते तुम्हाला."

"म्हणाली होतीस," निशा म्हणाली. "मी बघितलं नाही."

टेम्पोचं दार आतून उघडलं. संस्कृती खाली उतरली नाही. फक्त बाकावर थोडी सरकली.