थरथर वरची की खालची

मी एक जुनं चाक आहे; पण मित्रांनो, कुठल्या रस्त्याची माती कशी असते ते मला विचारू नका. मी जन्मात कधी जमिनीला टेकलेलो नाही. माझ्या गाडीला सहा चाकं. चार धावतात, एक डिकीत झोपा काढतं, आणि सहावा मी, बसल्या जागी फिरणारा. माणसं मला स्टीअरिंग म्हणतात. गाडी इतकी लहान, की घरातले तिला डबी म्हणतात.

माझी गोष्ट मी वर्षांच्या हिशेबाने सांगणार नाही. वर्षं मला मोजता येत नाहीत. मला सैलपणा मोजता येतो. मला हलवल्यापासून गाडी खरोखर वळायला लागेपर्यंत मधे जी पोकळ जागा असते, ती. माझी दिनदर्शिका तेवढीच.

सैलपणा: जवळजवळ नाही

एका लोखंडी कडीभोवती गरम काळा रस ओतला आणि मी झालो. कारखान्यात माझ्यासारखे शेकडो खिळ्यांना टांगलेले होते, आणि आपण शोभेच्या वस्तू आहोत अशी आमची सगळ्यांची समजूत होती.

मग मला एका लांब दांड्याच्या टोकावर बसवलं. दांड्याखाली एक पोलादी पेटी. पेटीत पिळाची दांडी आणि तिच्यात अडकलेले दाते. पेटीतून बाहेर एक लोखंडी हात, त्या हाताला आडवी सळई, सळईच्या दुसऱ्या टोकाला तसाच दुसरा हात. हा दुसरा हात स्वतः काही वळवत नाही. पहिल्याच्या जोडीला उभा राहायचं आणि सळई आडवी धरून ठेवायची, एवढंच त्याचं काम. या सगळ्यानंतर कुठे पुढची दोन चाकं.

एका कामगाराने मला एका बोटाने ढकललं. माझ्या नजरेआड, खालच्या काळोखात, दोन जड चाकं एकाच वेळी वळली.

मी थक्क झालो. खरं सांगतो, अजून होतो. बोट केवढं आणि वळलं काय.

सैलपणा: एक बोट

डबी घेतली एका नकाशे काढणाऱ्याने. दिवसभर कचेरीत बसून तो नद्या आणि गावांच्या शिवा काढायचा, आणि संध्याकाळी मला अशा बेताने धरायचा, जणू मीही एक रेघच आहे. त्याला मुलं दोन. थोरला, त्याला सगळे दादा म्हणत. आणि धाकटी. ती पुढे गुरांची डॉक्टर झाली. गावोगावची माणसं तिला डॉक्टरबाई म्हणतात, मी मात्र धाकटीच म्हणतो.

म्हातारपणी नकाशेवाल्याचे हात थरथरू लागले. घरात कुणाला कळायच्या आधी मला कळलं. बारीक, भराभर, न थांबणारी थरथर. गाडी सिग्नलला उभी असली की जास्तच. ती वरून यायची, त्याच्या मनगटातून माझ्यात, आणि दांड्यातून खाली उतरायची.

एक दिवस त्याने किल्ली काढली आणि धाकटीच्या तळव्यावर ठेवली. म्हणाला, "आता तू चालव. माझ्या रेघा वाकड्या येतात."

सैलपणा: तीन बोटं

दादाचा डबीवर फार जीव. त्याचा जीव जडला की वस्तूची धडगत नसे. घरातल्या बरण्यांची झाकणं तो अशी लावायचा, की उघडायला शेजारच्यांना हाक मारावी लागायची. नळ त्याने बंद केला, की दुसऱ्याला तोंड धुणं मुश्कील. सैल ते वाईट आणि घट्ट ते चांगलं, ही त्याची जगाची वाटणी.

डबीला खालून गंज धरू नये म्हणून त्याने एका सुट्टीत तिच्या पोटाला काळा, जाड रंग फासला. एकदा नाही, तीनदा. पाठीवर झोपून, नाकातोंडात रंग जाईपर्यंत. त्या रंगाखाली, दुसऱ्या हाताच्या खुंटीला ग्रीस भरायचं एक इवलं तोंड होतं, ते बुजलं. दादाने माया केली आणि मायेखाली एक सांधा कोरडा पडला.

कोरडा सांधा ओरडत नाही, मित्रांनो. तो झिजतो. धाकटी कालव्याच्या कडेने गोठ्यांकडे जायची. तो रस्ता सरळ आणि अरुंद, एका बाजूला पाणी. डबी आपली हळूच उजवीकडे सरकायची, धाकटी तिला डावीकडे घ्यायची, मग डबी डावीकडेच जायची. आपण दिवसभर कुणाला तरी सावरतोय हे तिला कळतही नव्हतं. सवय फार गुणी असते, सगळं पदरात घेते.

शेवटी तीच दादाला म्हणाली, की गाडी जरा भटकते.

सैलपणा: दादा म्हणतो, शून्य

दादाने पुस्तकात वाचलं. पोलादी पेटीवर एक स्क्रू असतो, तो आवळला की सैलपणा जातो. हे खरं आहे. पण डबी भिंतीला लागून उभी होती, चाकं पुरती वळवलेली. तिथेच दादाने मला हलवून पाहिलं, सैल लागलो, म्हणून स्क्रू अर्धा फेरा आवळला. मग आणखी पाव. त्याच्या हाताला बरं वाटेपर्यंत.

"आता गाडीत काही राहिलेलं नाही," त्याने धाकटीला सांगितलं.

त्या दिवसापासून सरळ रस्त्यावर मी अडकू लागलो. अगदी मध्यावर. धाकटी मला किंचित वळवायला जायची, मी हलायचो नाही. ती जोर लावायची आणि मी एकदम सुटायचो. तिच्या तळहातांना झटका बसायचा. पुन्हा सरळ करताना पुन्हा झटका. आणि खालचा झिजलेला सांधा होताच, आपल्या पद्धतीने डगमगत.

(या भागाला माप नाही)

धाकटी गाडी थांबवायची. कालव्याकडेला, बंद इंजिनात. माझ्यावर दोन्ही पंजे पसरायची आणि बोटांकडे बघत बसायची.

गाडीत काही राहिलेलं नाही. मग राहिलं काय? हात.

बापाचे हात थरथरायचे.

मित्रांनो, त्या हातांखाली मी होतो. वरची थरथर कशी असते ते मला तिच्या बापाने शिकवलेलं, आणि ही वरची नव्हती. ही खालून येत होती. हे जगात फक्त मला ठाऊक होतं, आणि मला तोंड नाही. दांड्याला आहे का? पेटीला?

तिने टाके घालणं सोडलं. शस्त्रक्रिया असली की दवाखान्यातल्या नव्या डॉक्टरला पुढे करायची आणि स्वतः बाजूला उभी राहून सांगायची. यापुढे शस्त्रक्रिया करणार नाही, असं दवाखान्याला कळवायचं पत्रही तिने मनात तयार केलं होतं. मनातलं मला कळतं असं नाही. पण लाल दिव्याला ती ते पुटपुटायची. त्या महिन्याच्या अखेरीला द्यायचं ठरलं होतं.

सैलपणा: मावशी म्हणाल्या, बघू

टायर बदलायला म्हणून डबी एका गॅरेजमध्ये गेली. गॅरेज एका बाईंचं. नवऱ्यामागे त्यांनी चालवलं, आता वाकल्या होत्या, पण गाडीखाली जायच्या खड्ड्याच्या पायऱ्या उतरताना कुणाचा हात घेत नसत. सगळे त्यांना मावशी म्हणत. मावशींनी जुना टायर फिरवून पाहिला, त्याची झीज बोटाने चाचपली आणि गाडी चालवायला कशी आहे ते विचारलं.

दादा सोबत होता. गाडी उत्तम आहे, स्टीअरिंग मी स्वतः घट्ट केलंय, असं त्याने सांगितलं. मावशींनी त्याच्याकडे नाही, धाकटीकडे पाहिलं.

"गाडी काही करत नाही," धाकटी म्हणाली. "मीच करते."

"बरं. मग तुमचीच तपासणी करू. बसा आत."

डबी खड्ड्यावर घेतली. मावशी खाली उतरल्या. मला डावी-उजवीकडे बोटभर हलवत राहायला त्यांनी धाकटीला सांगितलं, आणि एकेका सांध्यावर हात ठेवत निघाल्या. प्रत्येक सांध्याला दोन तुकडे असतात. मावशी एक बोट या तुकड्यावर ठेवायच्या, एक त्यावर. दोन्ही बोटं एकदम हलली, तर सांधा धड.

इतक्या वर्षांत खालून मला भेटायला कुणी आलं नव्हतं. ती बोटं मला जाणवत होती, मित्रांनो. पेटीपाशी. सळईच्या टोकाशी. दिव्याविना, काळ्या रंगाच्या तीन थरांवरून, ती माणसाची नाडी पाहावी तशी लोखंडाची पाहत होती.

दुसऱ्या लोखंडी हाताशी ती बोटं थांबली.

"इथे आहे," खड्ड्यातून आवाज आला. "अलीकडचं हलतं. पलीकडचं विचार करून हलतं."

धाकटी मला हलवायची थांबली. एक सांधा सापडला, पण झटक्यांचं काय, हेच तिच्या तळहातात होतं. मावशी वर आल्या. त्यांनी बॉनेट उघडलं, पेटीच्या वर, थेट माझ्या दांड्याला दोन बोटं लावली. बॉनेटच्या आड त्या दिसेनाशा झाल्या.

"आता हलवू नका. नुसतं धरून बसा."

धाकटीने धरलं. मी श्वास घेत नाही, पण घेत असतो तर रोखला असता. गॅरेजमधला पंखा तेवढा फिरत होता.

"काय होतं म्हणालात हातांना?"

"थरथरतात. झटके येतात."

"कधी?"

"चालवताना. सरळ रस्त्याला."

"उभ्या गाडीत?"

धाकटीने आठवून पाहिलं. "नाही."

"टाके घालताना?"

"घालतच नाही आता. बाबांचे हात असेच..."

दोन बोटं दांड्यावर तशीच. मग मावशी म्हणाल्या, "तुमचे हात थरथरत असते तर या दांड्यानं मला केव्हाच सांगितलं असतं. लोखंड भीड धरत नाही. इथे काहीही पोचत नाहीये बाई. मी इथे उभी आहे, तुम्ही बसा हवं तितका वेळ."

मला जे आयुष्यभर सांगता आलं नसतं, ते मावशींनी माझ्याच दांड्यातून वाचून सांगितलं. एवढं अद्भुत माझ्या आयुष्यात दुसरं घडलेलं नाही.

मग त्यांनी पुढची चाकं जॅकवर उचलली आणि मला एका बोटाने फिरवायला लावलं. मी सुळकन फिरलो, मध्यावर येऊन अडलो, झटक्याने सुटलो. "हा झटका," त्या म्हणाल्या. "हा तुमचा नाही. ही कुणाची करामत?"

दादाने स्क्रू आवळला तेव्हा चाकं कशी होती ते सांगितलं. मावशींनी कपाळाला हात लावला, त्याला ग्रीसचा टिळा लागला. गाडी जास्त सरळच जाते, म्हणून पेटीचे दाते मध्यावर आधीच घट्ट घडवलेले असतात आणि कडेला सैल. कडेचा सैलपणा काढायला गेलात की मधला गळा आवळला जातो.

"आणि तुम्हाला साहेब, घरात कुणी पाण्याच्या बाटलीजवळ जाऊ देतं का?"

दादा हसला नाही. तो धाकटीच्या खिडकीशी आला. "वर्षभर तू हे धरून बसलीस? मला बोलली का नाहीस?"

"तू म्हणालास ना, गाडीत काही राहिलेलं नाही."

सैलपणा: मोजायचं राहून गेलं

झिजलेली बाही, म्हणजे खुंटीभोवतीची नळी, मावशींनी ठोकून काढली आणि दादाच्या हातावर ठेवली. भोक गोल असायला हवं होतं, ते अंड्यासारखं झालं होतं. असा भाग आता कुठे मिळत नाही. मावशींनी पितळेचा तुकडा लेथवर चढवला, कातला, मापला, पुन्हा कातला. शेवटच्या वेळी जी साल निघाली ती फुंकरीने उडाली. नवी बाही आत गेली, रंग खरवडून ग्रीसचं तोंड मोकळं केलं, आणि कोरड्या सांध्यात ग्रीस भरलं.

मग त्यांनी खालची सळई सोडवली. मला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवलं. तीन फेरे. दीड फेरा मागे आणून बरोबर मध्यावर थांबवलं आणि तिथे स्क्रू लावला. दादाने विचारलं, अजून एक कणभर आवळला तर?

"नको. फिरणाऱ्याला जागा लागते," मावशी म्हणाल्या, आणि पाना दादापासून लांब ठेवला.

मित्रांनो, काही डगमगू लागलं की लगेच आवळायला धावू नका. आधी कुणाला तरी खाली उतरू द्या, तुम्ही वर बसून हलवत राहा, आणि कुठला तुकडा उशिरा हलतो ते शोधा. सांध्यांना वेळेवर ग्रीस द्या. वरून रंग फासणं म्हणजे काळजी नव्हे. आणि दोष स्वतःच्या हातांना देण्याआधी ते हात एकदा कुणाला तरी दाखवा. शहाणी माणसं हेच विसरतात, म्हणून तुम्हाला आत्ताच सांगतो.

पुढचे काही दिवस धाकटीने मला जुन्याच धास्तीने घट्ट धरलं. सवय जायला सांध्यापेक्षा जास्त वेळ घेते. मग एका दुपारी ती एका गोठ्यावरून परतली. दार उघडलं, बसली, हात माझ्यावर ठेवले. हात दमलेले होते, साबणाने सुरकुतलेले. तर्जनीवर एक बारीक, खोल वळ होता, टाक्यांचा दोरा ओढताना पडतो तसा.

कालव्याचा रस्ता लागला. तिने मला त्या बोटाने आणि अंगठ्याने धरलं, बाकीची सोडून दिली. डबी सरळ निघाली.