दत्तरावांनी शिवलेले बाराशे शर्ट

दत्तरावांना सुईत दोरा ओवता येत नाही. सदऱ्याचं बटण तुटलं तर दोन-दोन दिवस तसंच उघडं वागवतील, पण सुईला हात लावणार नाहीत. अशा माणसानं एका महिन्यात शाळेचे बाराशे शर्ट शिवून दिले, असं परभणीच्या सभेत भिंतीएवढ्या पडद्यावर दिसलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. आता ह्याला काय म्हणायचं, तुम्हीच सांगा.

शर्ट शिवले होते दत्तरावांच्या बायकोनं, शिवकन्यानं, आणि तिच्यासोबतच्या तेरा जणींनी. गंगाखेडला स्टँडच्या मागं, खताच्या दुकानाच्या माडीवर त्यांचा शिवणगट आहे. सहा वर्षं झाली. तिथं भिंतीवर एक फळा आहे आणि सगळा कारभार त्या फळ्यावर चालायचा. शिवकन्या रोज सकाळी खडूनं नावं लिहायची. सविता, काज-बटण. धम्मशीला, कॉलर. कुणाचं लेकरू तापलं, कुणाकडं पाहुणे आले, की नाव पुसून गठ्ठा दुसरीकडं द्यायची. त्या फळ्यावर कुणी कुणाची बायको नव्हती, कुणाची माय नव्हती. काम जिचं, नाव तिचं. बाहेर सगळी गल्ली शिवकन्याला पिंकीची माय म्हणायची, गटातल्या बायका अक्का म्हणायच्या. तिचं खरं नाव दिसायचं ते तेवढं त्या फळ्यावर, सगळ्यात खाली, तिच्याच हातचं.

मग परभणीहून महारुद्र सर आले. असे पंचवीस-तीस गट मिळून जो महासंघ झाला आहे, त्याचे ते मॅनेजर. माणूस वाईट नाही, पण मोबाईलमध्ये दिसलं नाही ते त्यांच्या लेखी घडलंच नाही. म्हणाले, फळा आता बास, टीमचं काम ॲपवर करायचं. दोन ॲप महिना-महिना वापरून बघू आणि सभेत एक निवडू. एकाचं चित्र हिरवं होतं, एकाचं निळं, म्हणून बायकांनी नावंही तीच पाडली. हिरवं सोपं होतं. करायचं, चालू, झालं, असे तीन रकाने, संपलं. निळं आपोआप रिपोर्ट काढायचं, त्यामुळं सरांचा जीव निळ्यावर. वर त्यांनी असंही सांगितलं की तीन तालुक्यांसाठी एक सुपरवायझर नेमायचाय, तो ह्याच रिपोर्टवरून नेमू.

"वशिला नको, ताई. ॲप ज्याचं काम दाखवील, त्याची निवड."

हे शिवकन्याला मनापासून पटलं, खोटं कशाला बोला. सुपरवायझर व्हायचं तिच्या मनात दोन वर्षांपासून होतं. सेलूच्या गटाचं कटिंग बिघडलं तेव्हा स्वतः जाऊन तिनंच ते मार्गी लावलं होतं. तिच्याकडं वशिला नव्हता, नुसतं काम होतं. मशीन काही कुणाचा पाहुणा लागत नाही, असं तिला वाटलं.

पण चौदा बायकांत स्वतःचा फोन एकट्या धम्मशीलाकडं. बाकी तेरा जणींनी नवऱ्यांचे नंबर दिले, दुसरे आणणार कुठून. नंबर टाकला की नाव ॲप आपल्या आपण उचलायचं. पहिल्याच आठवड्यात शिवकन्यानं विचारलं होतं, "सर, काम आमचं आन् नाव ह्यांचं दिसायलंय."

"ते टेक्निकल आहे ताई, नंतर बघू."

ते नंतर काही उगवलं नाही. रोज संध्याकाळी ती घरी आली की दत्तराव बाजेवर पडल्या पडल्या विचारायचे, "पिंकीचे माय, आज किती टाकू?" ती म्हणायची, पन्नास. ते बोट लावायचे, काम झालं. शेवटची तपासणी शिवकन्याची, त्यामुळं सगळे बाराशे शर्ट दत्तरावांच्या खात्यावर. सविताचा नवरा तर पुण्याला वॉचमन. ती शेजारणीच्या फोनवरून त्याला आकडा कळवायची आणि तो तिकडून बोट लावायचा. म्हणजे गंगाखेडच्या शर्टांना काजं पाडली पुण्याच्या वॉचमननं. आहे की नाही कमाल.

सभेची हजेरीही ॲपवर, ओटीपी येणार दत्तरावांच्या फोनवर, म्हणून त्यांना सोबत न्यावं लागलं. सरांनी निळं ॲप निवडल्याचं जाहीर केलं, रिपोर्ट पडद्यावर टाकला आणि माइकवरून नाव पुकारलं. सर्वांत कार्यक्षम सदस्य, श्री. दत्तराव.

शिवकन्याला वाटलं, आता हा माणूस उठून सांगेल. दत्तराव उठले. सदरा खाली ओढून नीट केला, पुढं गेले, आणि शाल-नारळ घेऊन हसत फोटोला उभे राहिले. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. सर चुकले ते परवडलं, सरांना मोबाईलपलीकडचं दिसतच नव्हतं. ह्याला माहीत होतं.

ती भर सभेत उभी राहिली. "सर, ह्यांनी एक टाका घातलेला न्हाई. शर्ट आमी शिवलेत."

"ताई, सिस्टीममध्ये जे आहे तेच ग्राह्य धरावं लागतं," सर हसून म्हणाले. "आणि अहो, घरातच आलंय की. सोमवारी दत्तरावांच्या नावानं नेमणुकीचं पत्र काढतो."

लोक हसले. तिला बसावं लागलं.

परतीच्या एसटीत दत्तराव मांडीवरची शाल कुरवाळत होते. म्हणाले, "कामून तोंड पाडलंस? देऊ लागले तर नको कसं म्हनावं? घरातच आलं ना."

"घरात न्हाई आलं," शिवकन्या म्हणाली. "तुमच्या मांडीवर आलं."

पोखर्णीचा फाटा मागं पडला, गंगाखेड आलं. दुसऱ्या दिवशी, रविवारी, तिनं माडीवर सगळ्याजणींना बसवून पडद्यावर काय दिसलं ते नावानिशी सांगितलं. आपला पुण्याचा वॉचमन कामात तिसरा आला हे ऐकून सविता आधी हसली आणि मग तिला रडूच आलं. धम्मशीला म्हणाली, "माझं नाव हाय त्याच्यात, पर मी तुमच्या संगं." काय करायचं ते तिथंच ठरलं.

सोमवारी सकाळी दत्तरावांचा फोन वाजला. तीनशे शर्ट, गुरुवारपर्यंत. शिवकन्या उंबऱ्यात मेथी निवडत बसली होती.

"पिंकीचे माय, उठ की. काम आलंय."

"कुनाला आलंय? वाचा."

त्यांनी वाचलं. दत्तराव, आपले काम सुरू करा.

"मग करा की." तिनं कमरेची माडीची किल्ली काढून त्यांच्यापुढं ठेवली. "मशीनला तेल घातलेलं हाय. दोरा कपाटात हाय."

दत्तरावांनी किल्लीकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं, आणि चहा मागायचीही त्यांची छाती झाली नाही. अकरा वाजता ॲपवर सगळं लाल झालं. तेरा पुरुषांची तेरा कामं, एकालाही हात लागलेला नाही. मग सरांचा फोन आला. दत्तरावांनी घाबरून स्पीकर लावला.

"दत्तराव, सगळं लाल दिसतंय. काय अडचण आहे?"

"सर, ते... मला शिवता कुठं येतंय?"

"मग ताईंना द्या जरा."

"कोन ताई, इचारा त्यांना," शिवकन्या मेथीवरून नजर न काढता म्हणाली. "नाव सांगा म्हनावं, मग बोलते."

दत्तरावांनी विचारलं. सहा वर्षं प्रत्येक गठ्ठ्याच्या पावतीवर तिची सही परभणीला जात होती. सर म्हणाले, "अहो, ह्या आपल्या... तुमच्या मिसेस..." आणि थांबले. त्यांना खरंच माहीत नव्हतं.

आता ती दत्तरावांकडं बघत होती. एकोणीस वर्षांच्या संसारात त्यांनी तिला नावानं हाक मारली नव्हती. पिंकी व्हायच्या आधी अगं, पिंकी झाल्यावर पिंकीची माय. लोकांपुढं तर नावाचा प्रश्नच नव्हता. त्यांनी खाली बघितलं, घसा साफ केला.

"शिवकन्या," ते म्हणाले.

"काय म्हणालात?"

"शिवकन्या, सर. शर्ट तिनं शिवलेत. मी निस्तं बोट लावलं."

शिवकन्यानं मेथी बाजूला सारली, हात पदराला पुसले आणि त्यांच्या हातून फोन घेतला.

"सर, पेन घ्या," ती म्हणाली. "पत्रावर ते नाव लिहा. आन् आनखी बारा जणी हायेत, एकेकीचं सांगते. सविता."